झिंग्यांची जोडी

माहा जन्म तलावाच्या पाळीवरचा. साकोलीपासून कोसभर आमचं गाव, जातीनं आमी ढिवर, बाप डोंग्यात बसून जाळं टाके अन् माय साकोलीच्या बाजारात मासोळी विके, आता मी विकतो. शाळेत गेली नाही, जे शिकली ते बापाच्या डोंग्यात शिकली. जाळं टाकाच्या आधी बाप वल्हं पान्यात सोडे अन् दांडा कानाले लावून बसे. मी बडबड करो त म्हने, पानी काय म्हनते ते ऐकाचं असन त पहिले आपलं तोंड बंद ठेवाव लागते, पोरी. मले ते कधी जमलं नाही. आताही पाहा ना मॅडम, तुमी विचारलं एक अन् मी कुठं जाऊन राहिली.

मायची रीत वेगळी. काही ठरवाचं असलं, बिमार मानसाले कोन्या गावी न्याचं, पोरगी कोनाले द्याची, की ती सुपातून चिमूटभर तांदूळ उचले, देवीचं नाव घे अन् दोन-दोन दाने बाजूले सारे. सारे जोडीनं गेले त देवी हो म्हनते, एक दाना उरला त नाही म्हनते. माहं लगनही असंच ठरलं, अन् नवरा चांगला भेटला, खोटं कायले बोलू. पन तो काविळीनं लवकर गेला. पोरगी रेखा तवा शाळेत होती.

तो गेल्यावर मी बाजारात बसो, पन तोंडातून शब्द निघे नाही, माह्यासारखीच्या. आमच्या इथच्या पास्टरबाई मासोळी घ्याले येत. एक दिवस त्या टोपल्याजवळ भुईवरच बसल्या, मासोळीचं पानी साडीले लागलं तरी बसल्या, काही विचारलं नाही. मी रडली. असं करता करता प्रार्थनेले जाऊ लागली, मंग बाप्तिस्मा घेतला, घरातले देव तलावात सोडले. जातवाले म्हने, बाटली. लगनाचं बोलावनं बंद झालं. मी म्हनलं, नका बोलावू, तुमच्या घरचा भात काही सोन्याचा नाही. तोंडानं म्हनलं, आतून लय लागलं.

पास्टरबाई सांगत, सकाळी उठून थोडा वेळ चूप बसाचं, प्रभू बोलते. मी विचारलं, कोन्या भाषेत? त्या हसल्या. म्हनल्या, मनात एक गोष्ट येते, ती बायबलातल्या वचनाशी ताडून पाहाची, दोघा-तिघा विश्वासी लोकाइले विचाराची, अन् ज्या गोष्टीत माया नसन ते त्याचं बोलनं नाही. मी बसो. बसली की जीभ सुरू, प्रभू हे दे, प्रभू ते कर. जरा चूप राहिली की डोक्यात येई, बरफ आनाचा राहिला. काय सांगू तुमाले, दुसऱ्याइले आवाज येई, ते प्रार्थनेच्या सभेत उभे राहून प्रभू काय बोलला त्याची साक्ष देत, अन् मले बरफ.

मंग रेखाले स्थळ आलं. लाखांदूरकडचं विश्वासी घर, आमच्यासारखंच येशूले माननारं, पोरगा सभेत ढोलक वाजवे, असा वाजवे का बसलेला मानूस उठून टाळ्या पिटे. आमच्या जातीतून कोनी मागाले येत नव्हतं, हे घरी चालून आलेलं. रेखा म्हने, आई, मले तो मानूस बरा नाही वाटत, त्यानं आपल्या मायले पानी मागतलं ते कसं मागतलं, पाहालं का तू? मी नव्हतं पाहालं. म्हनलं, प्रभूले विचारतो.

सकाळी बाजारात टोपलं मांडलं, गिऱ्हाईक नव्हतं, डोळे मिटले. काहीच नाही. अन् माहा हात आपोआप सुक्या झिंग्याइच्या ढिगात गेला. चिमूट उचलली, येशूचं नाव घेतलं, दोन-दोन बाजूले सारले. एक उरला. म्हनलं, नीट नाही उचलली. दुसऱ्यांदा उचलली, एक उरला. तिसऱ्यांदा उचलली त सारे जोडीनं गेले. हात धुतले अन् घरी जाऊन सांगितलं, प्रभूनं हो म्हनलं. सभेत उभी राहून साक्ष देली, जलमातली पहिली साक्ष, लोकाइनं हालेलुया म्हनलं. झिंग्याइचं कोनाले सांगितलं नाही. रेखा आनखी काही बोलाले गेली त म्हनलं, देवाच्या वर बोलतं काय तू?

मंग ती बोललीच नाही. लगन झालं. दोन वर्सं फोनवर बरी आहो, बरी आहो. नाताळले आली त मनगटाच्या वर काळं-निळं. मी विचारलं, हे काय? म्हने, दरवाजा लागला. मी दरवाजाच खरा मानला. मागच्या आइतवारी मासोळीचे खवले काढून राहिली होती, तिचा फोन आला. म्हने, आई, तो मारते. पहिल्या महिन्यापासून मारते. पन हे घर प्रभूनंच देलं ना, मंग मी कोनाचं गाऱ्हानं कोनापाशी सांगू? आता सहन नाही होत. तू प्रभूले विचार, मी राहू का येऊ. तुले सांगते तो.

तुले सांगते तो, म्हने. माह्या हातातली मासोळी हातातच राहिली.

तीन सकाळी बसली. बरफही नाही आला डोक्यात. मंग पास्टरबाईकडे गेली अन् सारं सांगितलं, झिंगे सांगितले. त्याइनं समोरचं बायबल मिटवून ठेवलं. मंग म्हनल्या, हालेलुया म्हनाले मीही होती, मीही पोरीले विचारलं नाही. पन आता काय विचाराचं राहिलं? पोरगी मार खाऊन राहिली, याले का वचन काढाव लागते? फोन लाव.

काल लावला. म्हनलं, रेखा, प्रभूनं नव्हतं सांगितलं, झिंगे मोजले होते मी. दोनदा नाही आलं, तिसऱ्यांदा हो आलं, मले हो पाहिजे होतं. तो नव्हता बोलला, मी बोलली. तू घरी ये, माये. तिकडून कुठं गाय हंबरली ते ऐकू आलं, भांडं पडलं ते ऐकू आलं. मी बोलली नाही, फोन कानाले लावून बसली, बाप बसे तशी. लय वेळानं म्हने, दोनदा नाही आलं होतं, आई? अन् फोन ठेवला.

येते का नाही ते सांगितलं नाही. आज सकाळपासून लाखांदूरची एसटी आली की मी टोपलं सोडून उभी राहतो. दोन गाड्या गेल्या. तिसरीनंही नाही आली त पास्टरबाई अन् मी दुपारच्या गाडीनं जातो तिले आनाले, मंग तिनं मले तोंडावर काहीही म्हनू दे, ऐकून घेईन.

तुमी लिहून राहिल्या ना मॅडम, त हे नीट लिहा. सभेत साक्ष देली होती, तशीच ही देतो. माह्या मनचं होतं, अन् मी त्याचं नाव लावलं. तुमच्या लेकराइले प्रभू सुखी ठेवो, अन् ते काही बोलले त ऐकजा. थांबा जरा, गाडी आली वाटते.