मक्याच्या मागे काय आहे

मी एकदा रायफल घ्यायला निघालो होतो, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही. धरणगावजवळच्या आमच्या शेतात रानडुकरांनी सलग दोन वर्षं मका आडवा केला होता. परवाना हातात आला, वनखात्याची परवानगीही मिळाली. पण बोअर, म्हणजे नळीचं तोंड, केवढा घ्यावा आणि गोळी किती वजनाची, हे कळेना. म्हणून वरणगावला काडतुसांच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या नानांना मी शेतावर घेऊन आलो.

नाना म्हणाले, "हलकी गोळी हाडावर फुटते आणि जनावर जखमी होऊन पळतं. बोअर मोठा घे, गोळी जड घे. पण ती आरपार जाई, भाऊ. डुकराच्या मांगे काय शे?"

मी मक्यापलीकडे बोट दाखवलं. "धाकट्या भावाचं घर. बांधावरून भांडलो, तेव्हापासून बोलणं नाही."

"अंगणात खेळतात ती पोरं त्याचीच ना?"

"हो."

"मंग तुले कोणतीच गोळी चालणार नाही. जाय, त्याचा मका उरला का ते विचार."

मन घट्ट करून गेलो. त्याचाही मका डुकरांनीच खाल्ला होता. भावजयीने न विचारता चहा टाकला. शेवटी दोघांनी मिळून कुंपणाच्या तारेत विजेचा हलका झटका सोडणारं झटका मशीन आणलं आणि दोन्ही शेतांभोवती एकच तार ओढली.

यंदा कणसं भरलीत. परवा सकाळी त्याचा फोन आला, "दादा, तार मी तपासली, तू येऊ नको."

मी तरीही गेलो.