पालखी कस्तुराबाईच्या दारात

कल्याणप्पा : ...म्हणून म्हणतो अक्का, आजपास्नं या गावात खोटं टिकणार न्हाय! तळ्याकाठच्या या गावाची राखण करणाऱ्या शांतलिंग अप्पांची आण! बत्तीस वर्सं ज्या खांद्यानं अप्पांची पालखी वागवली, त्या खांद्याची आण घिऊन—

कस्तुराबाई : चपला काढ. आत्ताच सारवलंय.

कल्याणप्पा : काढतो. कुठं ठेवू?

कस्तुराबाई : ठेव कुठंबी. पालखीला दोन दिस झाले, तवापास्नं या घरात दुसऱ्याची चप्पल आली न्हाय. दूधवाला बी उंबऱ्याभाईरनंच दूध ओततो. तू तर पालखीचा पुढला मानकरी. तू कसा आलास?

कल्याणप्पा : तेच सांगाया आलो. परवा पालखी तुमच्या दारात थांबली—

कस्तुराबाई : अप्पा थांबले.

कल्याणप्पा : ...व्हय. तेच ते.

कस्तुराबाई : तळ्यावर आंघोळ करून मठात परत जाताना अप्पा ज्याच्या दारात थांबतेत, त्या घरात पाप हाय. माझ्या सासऱ्यानं बघितलं हुतं एकदा, पाटलाच्या दारात. मग माझ्या दारात थांबल्यावर म्या काय करू? आले भाईर आन् सांगितलं सगळ्यांसमोर. अप्पांच्या परसादाची हुग्गी, गव्हाची खीर, शिजवायचा तांब्याचा हंडा माझ्या माळ्यावर हाय. जावंनं मुरुमच्या बाजारात मोडीत घातला म्हणून अकरा वर्सं गावभर सांगत फिरले, ती म्याच.

कल्याणप्पा : तुमी सांगत हुता, तवा समोरच हुतो. म्या बघत हुतो.

कस्तुराबाई : मग बोलायचं हुतंस की काही.

कल्याणप्पा : मानकऱ्याला मौन असतंय अक्का. मठात जाईस्तोवर दांडीवरनं हात काढायचा न्हाय, तोंड उघडायचं न्हाय. नेम हाय.

कस्तुराबाई : आन् मठात गेल्यावर?

कल्याणप्पा : गेल्यावर लोकांनी हार घातला.

कस्तुराबाई : तोंडाला?

कल्याणप्पा : थट्टा नका करू. दोन दिसांत सतरा माणसं पाया पडली. तामलवाडीचा एक पाव्हणा तान्हं पोर घिऊन आला, त्याचं कपाळ माझ्या खांद्याला लावून गेला. माझ्या बायकोनं, शिवकांतानं, लग्नापास्नं पहिल्यांदा आधी मला च्या दिला, मग म्हशीला पेंड. घशाखाली उतरना तो च्या.

कस्तुराबाई : साखर कमी असंल.

कल्याणप्पा : अप्पा थांबले न्हवते.

कस्तुराबाई : काय?

कल्याणप्पा : म्या थांबलो. धोतर सुटलं हुतं.

(कस्तुराबाई हातातलं सूप खाली ठेवते.)

कल्याणप्पा : अप्पांना आंघोळ घालाया तळ्यात कमरंएवढ्या पाण्यात उतरलो हुतो. वल्लं धोतर, लई जड झालं. तुमच्या दारात नळासाठी चर खणलीय, तिच्यावरनं टांग टाकली आन् गाठ सुटली. दोन्ही हात दांडीवर. अजून एक पाऊल टाकलं असतं तर सगळ्या जत्रंसमोर... मांड्या आवळून उभा राहिलो. मागनं कुणीतरी वरडलं, ‘अप्पा थांबले!’

कस्तुराबाई : मग पुन्हा चाललास कसा?

कल्याणप्पा : तुमी बोलाया लागला. सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडं गेल्या. तेवढ्यात म्या हात काढून गाठ मारली.

कस्तुराबाई : दांडीवरनं हात काढलास?

कल्याणप्पा : ...व्हय.

कस्तुराबाई : मग तोंड बी उघडता आलं असतं.

कल्याणप्पा : आलं असतं.

कस्तुराबाई : म्हंजे म्या माझी अब्रू चव्हाट्यावर मांडत हुते, आन् तू तेवढ्यात तुझी झाकून घेतलीस.

कल्याणप्पा : तेच टोचतंय अक्का. तेच.

कस्तुराबाई : मला वाटलं, गल्लीतली बावीस घरं सोडून अप्पानं माझी याद केली. लई रडले त्या दिशी. शरमेनं रडलेच, पर त्याहून जास्त त्या आनंदानं.

कल्याणप्पा : उद्या जत्रेचा शेवटचा दिस. समद्या गावासमोर कबूल करतो. अप्पा थांबलेच न्हवते, अक्काचा काय बी गुन्हा न्हाय!

कस्तुराबाई : मग हंडा काय आपल्या पायानं माळ्यावर चढला?

कल्याणप्पा : तसं न्हवं...

कस्तुराबाई : दर जत्रंला हुग्गी भाड्याच्या जर्मनच्या पातेल्यात शिजायची, आन् माझी जाव, महेश्वरी, लांब तळ्याच्या पायरीवर बसायची. देवाचा हंडा विकणारी म्हणून तिला कुणी पळी धरू देत न्हवतं. ढवळायला म्या. तळ्याकडं पाठ करून ढवळायचे. लोकांना वाटायचं, धूर डोळ्यात जातो म्हणून.

कल्याणप्पा : आल्या हुत्या का त्या परवापास्नं?

कस्तुराबाई : दार लावून बसलीय. हंडा नेऊन द्यावा म्हणलं, तर काढाया कुणी येईना. लेक पुण्यात. दोनदा शिडी चढले, हंड्याला हात लावला आन् उतरले. एकटीला पेलत न्हाय.

कल्याणप्पा : मग म्या गावाला सांगू का नको, तेवढं सांगा.

कस्तुराबाई : मला कशाला इचारतोस? माझं म्या बोलले. तुझं तू बघ.

कल्याणप्पा : निदान माफ केलं, एवढं तरी म्हणा.

कस्तुराबाई : आज न्हाय म्हणवत. शिडी त्या कोपऱ्यात हाय. हंडा काढ, त्याच खांद्यावर घे, आन् भरल्या गल्लीतनं महेश्वरीच्या दारात नेऊन ठेव. म्या मागं येते.

कल्याणप्पा : आत्ता? लोक वाटंत इचारतील की.

कस्तुराबाई : इचारू दे. आज मौन न्हाय तुला.

कल्याणप्पा : ...बरं. शिडी धरा.

कस्तुराबाई : धरते. पर चढायच्या आधी तेवढं धोतर नीट खोच.