तीन खुंट्या

आमी मूळचे मोडनिंबचे, पण मी सोलापुरात शुक्रवार पेठेत खोली करून राहिलो, कारण इंजिनिअरिंग कालेजात मला स्टाफ धरायची नोकरी लागली. स्टाफ म्हंजे काय सांगू तुमाला, आकडे रंगवलेली उंच पट्टी. पोरं लांबनं दुर्बिणीतनं आकडा वाचणार, आन् मी पट्टी धरून खांबासारखा उभा. सोयरे विचारायचे कालेजात काय करतोस, मी म्हणायचो स्टाफ हाय, आन् त्यात खोटं काय नव्हतं की.

तर त्या वर्षी कालेजानं सेवा शिबिर काढलं, पोरांनी खेड्यात जाऊन श्रमदान करायचं, आन् गाव निवडलं ते नेमकं माझ्या थोरल्या अक्काचं. नवं गाव. जुनं धरणाच्या पाण्यात गेलेलं, तिचं घर, परसातली चिंच, सगळं. फलक लागला, भाषणं झाली, सेवेवर बोलण्यातच निम्मी सकाळ गेली. मग पोरांनी गटारासाठी खुंट्या ठोकल्या, लाल रंगानं नंबर घातले, कुठल्या नंबराला किती खोल खणायचं ते वहीत लिहिलं. सहा, सात, आठ नंबर अक्काच्या दारासमोरनं.

दुपारी पोरं जेवायला बसली. मी अक्काकडं पाणी प्यायला गेलो, तर दारातल्या तिन्ही खुंट्या न्हाईत. बघतो तर वर, चढाला, मारुतीच्या पाराकडं नेऊन ठोकलेल्या. अक्काच्या हातात अजून दगुड. म्हणलं अक्का हे काय केलंस, हे गटार हाय, धरण न्हाई. ती म्हणाली तवाबी हेच म्हणाले व्हते, नुसतं मोजतोय बाई. अशीच दुर्बीण, अशीच गोड बोलणारी पोरं, माझ्या हातचा च्या पिऊन गेली, आन् मग चुलीत पाणी आलं. म्हणलं ही आमच्या कालेजाची हायती गं. तर म्हणती कशी, मल्लू, तू कुणाचा? त्या पट्टीचा का माझा?

आता काय बोलावं? सांगावं तर पोरं खुंट्या परत हिच्या दारात आणणार, आन् ही तितंच आडवी पडणार, माझी अक्का हाय, मला ठावं. न सांगावं तर पोरांची मेहनत वाया. मी पट्टी खांद्यावर घेतली आन् गप उभा राहिलो. उभं राहायची सवयच व्हती की.

आठ दिस पोरांनी जीव तोडून खणलं, हाताला फोड आले, पण मागं हटली न्हाईत, खोटं कशाला बोलू. एकानं संगट आलेल्या सरांना विचारलं, सर, हे गटार वर चाललंय का? सर म्हणाले, डोळ्यांवर जाऊ नका, वहीवर जा.

शेवटच्या दिवशी मोठे पाहुणे आले. हार, फीत, नारळ. पाहुण्यांनी गटारात बादली ओतली. पाणी थोडं पुढं गेलं, थांबलं, जरा विचार केल्यागत केलं, आन् माघारी येऊन पाहुण्यांच्या बुटात शिरलं. सरांनी वही उघडून बघितली, म्हणाले लेव्हल बरोबर आहे, पाण्याचंच काहीतरी चुकतंय. पुढच्यांनी टाळ्या वाजवल्या, मग मागच्यांनीबी.

पुढं अक्काच्या दारात सांडपाणी तुंबायचं, डास लई. मी म्हणायचो बघ, तुझ्याच करणीनं. ती म्हणायची, असू दे, एवढं पाणी मी आणलेलं हाय. घर तर ऱ्हायलं ना? तीन खुंट्यांनी धरण परतवलं, हे मनात धरूनच ती गेली. मी शेवटपर्यंत तिला खरं पटवू शकलो न्हाई, आन् पोरांना खरं सांगितलं न्हाई. मी कुणाचा ऱ्हायलो, मला अजून उमगत न्हाई.

ती पोरं आता मोठे साहेब झाली असतील, कुटंकुटं पूल बांधले असतील. देव त्यांचं भलं करो. आन् खुंट्या ठोकायच्या आधी ज्याच्या दारात ठोकायच्या त्याला इचारायची बुद्धी देवो.