कोळघरचा एक्सल

सगळ्यात आधी काय झालं, तर जीप मागून जराशी बसली. बस्स, एवढंच. कोणीतरी पाय ठेवून आत चढावं तशी. ऐका हं, इतकी लहानशी गोष्ट! नीलांबरीने आरशात पाहिलं. मागच्या बाकावर आई एकटीच, शालीत गुरफटून झोपलेली. दवाखान्यातून इंजेक्शन घेऊन निघालेली, तरी कपाळ तव्यासारखं.

"खड्डा असेल," नीलांबरी पुटपुटली.

खड्डा नव्हता.

ही जीप त्यांची वडापाची. हिरडेवाडी ते तालुका, दिवसभर माणसं न्यायची-आणायची. मागचा एक्सल मोडला, म्हणून भंगारातून जुना आणला. गॅरेजवाल्या अस्लमभाईंनी तो उघडला, तर आत गाळ! मऊ, काळा, धरणाच्या तळाशी असतो तसा.

"पाण्यात बुडालेल्या गाडीचा दिसतो हा," ते म्हणाले. "काळजी करू नका ताई. डिझेलने धुतो, बेरिंग-सील नवीन टाकतो. लग्नातल्या नवरदेवासारखा करून देतो!"

केलाही. रंगसुद्धा दिला.

पण जुनं सामान बसवलं की त्यांच्या घरची एक रीत होती. मागच्या चाकांवर पाणी ओतायचं आणि गाडीला आपल्या गावाचं नाव मोठ्याने सांगायचं. नेहमी आई सांगायची. आज आई तापात, नीलांबरी घाईत. राहिलंच की हो!

धरणाचा फाटा आला. चांदणं असं, की रस्ता दुधात भिजल्यासारखा. आणि जीप अलगद डावीकडे वळली. तिने वळवली नाही! स्टिअरिंग सरळ धरलेलं, तरी मागची चाकं आपली ढकलतायत, ढकलतायत, जुन्या कोळघरच्या रस्त्याला. कोळघर कुठंय ठाऊक आहे ना? धरणाच्या पोटात. तो रस्ता थेट पाण्यात उतरतो. अंधार पडल्यावर त्या फाट्याला पाऊल टाकू नका, बायांनो.

ब्रेक दाबला. लागेना. जीप हळूहळू, पाळण्यासारखी झुलत चाललेली. कडेला माणसं उभी. डोक्यावर पाट्या, कडेवर पोरं, लुगडी ओलीचिंब.

"जागा आहे का गं?"

जीप बसली. अजून थोडी. अजून थोडी.

"किती वर्षांनी आपली गाडी आली!" मागून एक म्हातारा आवाज, अगदी मायेचा. "आणि ही कोण निजलीय?"

"तापलीय बिचारी. गार पाण्यात बरं वाटेल हिला. नेऊ या आपल्याकडं."

नीलांबरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. "आई! आई गं!"

पुढची चाकं पाण्यात. चुळुक, चुळुक. मग मागचीही. मागची चाकं भिजली... आणि तिला लख्खकन आठवलं. पाणी तर झालं! नाव तेवढं राहिलंय!

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि स्टँडवर देतात तशी वडापाची हाक दिली, "चला हिरडेवाडी! हिरडेवाडी, हिरडेवाडी!"

जीप थबकली. मागून हलकी झाली. मग अजून हलकी. एकेक जण उतरत होतं. पाण्यावर नुसती वर्तुळं. हलकी, हलकी, पार रिकामी झाल्यासारखी.

देवा, आईसुद्धा उतरली की काय?

मागे वळून बघायचा धीर होईना. तिने डोळे गच्च मिटले. आवाज चिरकला.

"हिरडेवाडीचं कोणी आहे का?"

मागे शाल सळसळली.

"मी आहे की गं," आईचा झोपाळू आवाज आला. "वेशीवर उतरव मला."