सिनेमाचा शेवट

लेस्टरच्या हॉस्पिटलात, वेटिंग रूममध्ये, माझ्या मागे एक आजोबा आणि एक तरुण मुलगी मराठीत बोलत होते. आजोबांची बायको आत डॉक्टरांकडे होती.

“काकू तुम्हाला तरी ओळखतात का, शशीकाका?”

“छे गं. तिच्या लेखी मी कुणीतरी सांभाळायला आलेला केअरर आहे. आठवतो तो फक्त एक जुना तेलुगू सिनेमा. हिचं माहेर तेलुगू, तिकडे आधी याच गोष्टीचं नाटक व्हायचं. हुंड्यापायी मुलगी विहिरीत जीव देते. रोज डीव्हीडी लावावी लागते.”

“शेवट बघून अपसेट होत असतील ना?”

“रोज नव्याने रडते, पोटची पोर गेल्यासारखी. म्हणून मध्यंतरी मी शेवटाआधीच टीव्ही बंद करायचो.”

“बरं केलंत.”

“कसलं बरं! मग दिवसभर फ्रंट डोअर उघडं टाकून बसायची. पोर अजून घरी कशी आली नाही म्हणून. एवढ्या थंडीत दार लावू देईना.”

“मग आता?”

“आता शेवट दाखवतो.”

“अहो काका, रोज रडवता त्यांना?”

“रडताना माझा हात धरते गं. एरवी जवळ येऊ देत नाही.”