पाठीखाली हात

शेगाव स्टेशनवर गाडीला उशीर होता. माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“चारुताई, भाऊजी तिकडं कॅनडात वारले हे ऐकलं, अन् मले खरंच वाटलं नाही.”

“मले तरी कुठं वाटलं, मधू! डॉक्टर सांगून गेला, तरी मी पोराशी, श्रेयसशी, भांडली.”

“काऊन वं?”

“आपल्यात माणूस गेला की खाली निजवतात ना. श्रेयसनं त्यायले पलंगावरून उचलून जमिनीवर ठेवलं. घंटाभरानं मी पाठीखाली हात घातला, तर पाठ गरम!”

“अरे देवा!”

“कपाळ गार, हात गार, अन् पाठ गरम. मी ओरडली, ‘अरे, जित्ते हायेत तुझे बाबा!’”

“माय माय! मंग?”

“बर्फाचा देश तो. श्रेयसच्या घरात जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप हायेत. त्याच्यावर लाकडाच्या पट्ट्या बापलेकानंच बसवल्या होत्या. हे गुडघ्यावर बसून पट्टीले पट्टी ठोकत होते. ‘चारू, आता तुझे पाय नाही ठणकणार,’ म्हणे.”

“अन् तुह्या ध्यानातच नाही आलं?”

“त्या वक्ती काय ध्यानात राह्यते? श्रेयस रडत रडत उठला, अन् त्या पाइपाचं भिंतीवरचं बटन बंद कराले गेला.”

“केलं बंद?”

“केलं. मी पाठीखालचा हात काढलाच नाही. लाकूड लवकर गार होत नाही वं, मधू.”