कडी सैल होती

आदरणीय अध्यक्ष महोदय, उद्योजक संघाच्या वतीने मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आणि आमच्या कारखान्याचे संस्थापक, ज्यांना आम्ही सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणतो ते आमचे साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनीसाहेब, उद्यापासून ज्यांच्या हाती हा सगळा कारभार जाणार आहे त्या साहेबांच्या कन्या, समोर बसलेले माझे सहकारी, त्यांचे घरचे, आणि मागे खुर्च्या सरकवत बसलेली मुलंबाळं, सर्वांना नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी आयुष्यभर टेबलावर वाकून चित्रं काढली. बोलायची सवय नाही. त्यामुळे दोनाचे जास्त झाले तर अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

पाहुण्यांपैकी काहींना माहीत नसेल म्हणून सांगते. मी या कारखान्यात डिझाइन करते. आपण जो धातूचा यो-यो विकतो, त्याचा आकार, त्याची जाडी, कुठे किती वजन ठेवायचं, हे आधी माझ्या कागदावर उतरतं आणि मग लेथवर चढतं. पूर्वी आम्ही पंपाची झाकणं करत होतो. एका सकाळी साहेब कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेला अॅल्युमिनियमचा यो-यो घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “हे आपल्याला जमेल का?”

मी म्हटलं, “साहेब, खेळणं?”

ते म्हणाले, “खेळणं म्हणू नका. करून बघा, मग कळेल.”

आणि खरंच कळलं. झाकण थोडं इकडेतिकडे झालं तरी पंप चालतो. यो-योचे दोन अर्धे भाग केसाएवढे कमीजास्त झाले तरी तो दोरीवर थरथरतो. आमचा पहिला नमुना असा थरथरायचा की बोटाला मुंग्या यायच्या. दुसरा फिरायचा छान, पण परत हातात यायचं नाव घ्यायचा नाही. तिसऱ्याची कड इतकी पातळ झाली की त्याने तळहात कापला, माझाच. दुसरा कुणी मालक असता तर म्हणाला असता, बाई, पुरे झाली हौस. साहेब कधी तसं म्हणाले नाहीत. वाया गेलेला प्रत्येक नमुना हातात घेऊन विचारायचे, “यानं आपल्याला काय सांगितलं?” हे मी आज भाषणासाठी म्हणत नाही. ते तसेच होते. मला त्यांच्याबद्दल जो आदर होता तो खरा होता. ‘होता’ हा शब्द मी चुकून वापरलेला नाही.

नमुना करायचा म्हणजे तो खेळून बघणारा हात लागतो. तो हात माझ्या धाकट्या भावाचा. लहानपणी एका जागी टिकायचा नाही म्हणून घरी त्याला आम्ही भिंगरी म्हणायचो, आणि कारखान्यातही तेच नाव पडलं. भिंगरीला आकडे सांगता यायचे नाहीत, पण तो प्रत्येक यो-योचा स्वभाव सांगायचा. “ताई, हा आळशी आहे.” म्हणजे कडेला वजन कमी पडतंय. “हा भांडखोर आहे.” म्हणजे दोरी आत घासतेय. एकाला तो म्हणाला, “हा उद्धट आहे, पण शिकला तर चांगला होईल.” त्याचं बोलणं ऐकायचं, मी रेघ थोडी सरकवायची, लेथवर पुन्हा दोन भाग कातायचे, पुन्हा त्याच्या हातात द्यायचे. आमची संध्याकाळ अशी जायची. स्पर्धांमध्ये तो आमचेच यो-यो घेऊन उतरायचा. तो खेळायला लागला की लोक बोलायचे थांबायचे. इथल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. आठवतंय ना?

मग आम्ही ठरवलं की अॅल्युमिनियमच्या अंगावर, कडेला, पोलादाची कडी चढवायची. वजन जितकं बाहेर, तितका यो-यो जास्त वेळ फिरतो. आमच्या कारखान्यातल्या नमुन्यांना आम्ही कडी तापवून चढवत होतो. तापली की ती किंचित फुगते, गार झाली की अंगाला घट्ट आवळून बसते. ते नमुने भिंगरीने महिनोन्महिने खेळले. भिंतीवर आदळले, फरशीवर पडले. एकाचीही कडी हलली नाही.

नमुने पसंत पडले आणि मोठा माल बाहेरच्या वर्कशॉपमध्ये करायला दिला. स्पर्धा तोंडावर होती, तिथेच हा यो-यो बाजारात आणायचा होता. माल आला. भिंगरीने पहिल्या खोक्यातला एक उचलला आणि चाचणीच्या खोलीत गेला. मी शेजारच्या खोलीत होते. मला आधी खिडकीची काच फुटल्याचा आवाज आला. मग कडी फरशीवर गोल गोल फिरत असल्याचा आवाज आला, आणि ती आडवी पडून थांबल्यावर मला माझ्या भावाचा आवाज ऐकू आला.

फिरत्या यो-योची कडी सुटून त्याला लागली होती. त्याचा डावा डोळा गेला.

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळाकडे पाहिलंत ते माझ्या लक्षात आलंय. मी साहेबांच्या सत्काराचंच बोलतेय.

हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर माझे वडील बसले होते. वडील शिंपी. जन्मभर हातातली कात्री जमिनीवर पडू दिली नाही, आणि आम्हालाही तेच शिकवलं, वस्तू जपा म्हणून. साहेब आले, त्यांच्या शेजारी बसले, खांद्यावर हात ठेवला. मी समोर उभी होते. साहेब म्हणाले, “मुलगा गुणी आहे हो. पण यो-यो आपटला असणार कुठेतरी. आमच्या नमुन्यांना असं कधी झालं नव्हतं.”

वडिलांनी मान खाली घातली. भिंगरी शुद्धीवर आल्यावर सांगत होता, “बाबा, मी खोक्यातून काढला आणि पहिल्यांदाच टाकला. कुठे आपटला नाही.” वडील म्हणायचे, “असू दे. झालं ते झालं.” असू दे म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना कळायचं. पुढेही कधी त्याच्या हातून भांडं निसटलं की ते म्हणायचे, “जपायला शिकला नाहीस तू.” एका डोळ्याने अंतर नीट कळत नाही, म्हणून भांडं निसटायचं. यो-यो तर सुटलाच. दोरी कुठे आहे तेच दिसत नाही म्हणायचा. साहेबांनी तो यो-यो बाजारात आणलाच नाही, आणि भिंगरीला पॅकिंगमध्ये नोकरी दिली.

मघाशी प्रमुख पाहुण्यांनी या प्रसंगाचा मोठ्या मनाने उल्लेख केला. ते म्हणाले, “स्वतःच्या निष्काळजीपणाने जायबंदी झालेल्या मुलालाही ज्यांनी पोटाशी धरलं, असे हे साहेब.” आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांचा दोष नाही. त्यांना जे सांगितलं गेलं तेच ते बोलले. भिंगरी तेव्हा तिथे दाराशी उभा होता, भेटीच्या पेट्यांजवळ. तो आताही तिथेच आहे. तुम्ही टाळ्या वाजवत होतात तेव्हा तो पेट्या सरळ करत होता. त्या सरळच होत्या.

मी आज वेगळं भाषण लिहून आणलं होतं. चांगलं होतं ते. त्या टाळ्यांनंतर ते पर्समध्येच ठेवलं.

गेल्या महिन्यात साहेबांच्या निरोपाची आठवण म्हणून तोच कडीचा यो-यो पुन्हा करायचं ठरलं. त्याच वर्कशॉपमधून पहिले नग माझ्याकडे तपासायला आले. मी कडी काढून बघायला गेले. निघेना. तापवली, ठोकली, निघेना. शेवटी यो-यो मधोमध कापला, तर कडीच्या मागे एक बारीक पायरी. कडीला बाहेर येताच येऊ नये अशी. कल्पना सुरेख होती. फक्त ती माझी नव्हती. माझ्या चित्रात अशी पायरी कधीच नव्हती.

वर्कशॉपचे मिस्त्री माल घेऊन आले तेव्हा मी त्यांना विचारलं, “ही पायरी कुणी सांगितली?”

ते म्हणाले, “साहेबांनी. पोराला लागलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः आले होते. मग माल बंदच केला त्यांनी. मशीनमध्ये माप तसंच राहिलं होतं, आता तेच चालवलं.”

“पण का सांगितली?”

“का म्हणजे? कड्या सैल झाल्या होत्या ना आमच्याकडून. मी माल द्यायच्या आधीच फोन केला होता, साहेब, कड्या अंगठ्याने दाबून बसतायत, पुन्हा कराव्या लागतील. ते म्हणाले, वेळ नाही, गोंद लावून द्या.”

मी विचारलं, “तुम्ही आम्हाला कधी बोलला नाहीत?”

ते म्हणाले, “बाई, कारखाना तुमचा. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.”

मिस्त्री आज इथे नाहीत. त्यांना कुणी बोल लावू नये. त्यांनी चूक झाल्याबरोबर कळवली होती.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. कापलेला यो-यो टेबलावर ठेवला. साहेबांनी नाही म्हटलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगते. म्हणाले, “तेव्हा ती स्पर्धा हुकली तर कारखाना बुडेल असं मला वाटलं. एवढी घरं यावर चालतात, तुमचंसुद्धा. आणि नंतर मी त्याला वाऱ्यावर सोडला का?”

मी म्हटलं, “त्याला खरं सांगितलंत का?”

ते म्हणाले, “सांगून डोळा परत येणार होता का?”

साहेब, मी डोळ्याचं विचारलं नव्हतं. तेव्हा केबिनमध्ये हे बोलायचं राहिलं. आता बोलते.

वहिनीसाहेब, आपल्याला हे माहीत नव्हतं हे आपल्या चेहऱ्यावर दिसतंय. आपल्याला त्रास द्यायचा माझा हेतू नव्हता. आणि ताई, उद्यापासून कारभार आपल्या हाती आहे, आपण मघापासून मला हाताने आवरतं घ्या म्हणून खुणावताय. घेते.

घरी येऊन मी भिंगरीला सांगितलं. तो जेवून हात धूत होता. मला वाटलं चिडेल, ओरडेल, उठून साहेबांकडे जाईल. त्याने नळ बंद केला. आणि एवढंच म्हणाला, “आता बाबांना कोण सांगणार?”

आमचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आपल्या मुलाला वस्तू जपता येत नाही असं समजून गेले. शेवटच्या आजारपणात पाण्याचा पेला ते त्याच्या हातून घ्यायचे नाहीत. मला हाक मारायचे.

बंधुभगिनींनो, वडिलांना आता सांगता येणार नाही. पण या सभागृहात जवळपास सगळा कारखाना बसलाय. आमच्या गल्लीतले लोक आहेत, वडिलांकडे कपडे शिवलेले लोक आहेत. त्यांना तरी सांगता येईल. यानंतर कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे सत्कारमूर्तींचं मनोगत आहे. साहेब, मला भरपाई नको, भावाला बढती नको. आपण माईकवर याल तेव्हा बाकीचं काहीही बोला, फक्त एक वाक्य बोला. कडी सैल होती. एवढंच. पहिल्या नमुन्यापासून आपण आम्हाला विचारत आलात, यानं आपल्याला काय सांगितलं. यानं जे सांगितलं ते आपण एकट्यानेच ऐकून ठेवलंत.

मुलांनो, तुम्हाला जाताना जी पेटी मिळेल त्यातला यो-यो बिनधास्त खेळा. भिंतीवर आदळला तरी हरकत नाही. त्याची कडी निघणार नाही. मी कापून पाहिलाय.

आता आभार. साहेब, आपण मला काम शिकू दिलंत, फसलेल्या नमुन्यांवर कधी रागावला नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार. ते मी परत घेणार नाही. उद्यापासून मीही कामावर येणार नाही, तेव्हा आजच्या या निरोपात माझाही उरकून घेतला असं समजावं. वेगळा पुष्पगुच्छ नको. अध्यक्षांनी मला मध्येच थांबवलं नाही, त्यांचे आभार. आनंदाच्या कार्यक्रमाला मी गालबोट लावलं असं ज्यांना वाटत असेल त्यांची, आणि विशेषतः वहिनीसाहेबांची, मी हात जोडून क्षमा मागते. बोलताना जीभ कुठे घसरली असेल, मानपानात कमीजास्त झालं असेल, तर तेही पदरात घ्यावं.

भिंगरी, तू बाहेर जाऊ नकोस. पेट्या कुणीही वाटेल. इथे पुढे ये, पहिल्या रांगेतली माझी खुर्ची रिकामी आहे. साहेब आता बोलणार आहेत. बस आणि ऐक.